नोकरीचा करार : साल, मस्टर आणि नेमणूकपत्र

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि आखाजीचे दिवस खानदेशात जवळजवळ बरोबरच येतात. आपण येथे शहरात संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जमतो, त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत ओट्यावर, पारावर, शेताच्या बांधावर एक फार जुना व्यवहार चाललेला असतो. जुन्या सालदाराचे साल संपते आणि नव्या सालाची बोली होते. शेतकरी म्हणतो इतके देतो, सालदार म्हणतो इतके घेईन. मध्ये दोघांच्या ओळखीचा कोणी तरी बसलेला असतो, तो दोन्ही बाजूंना थोडे थोडे सरकवतो. रोख रक्कम ठरते, धान्य ठरते, उचल किती आणि केव्हा हे ठरते, वर्षात किती खाडे चालतील हेही कोठे कोठे ठरते. मग चहा होतो आणि वर्षभराचा करार पुरा होतो. कागद नाही, सही नाही, तिकीट नाही.

ह्या व्यवहाराला हसणारे सुशिक्षित आम्ही पुष्कळ पाहिले. आम्हांला हसू येत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मुलाला विचारून पाहा, "तुझा पगार किती ठरला आहे?" तो सांगेल, "हातात इतके पडतात." ठरले किती, कापले किती, कशासाठी कापले, हे त्याला ठाऊक नसते. सालदाराला आपला करार तोंडपाठ असतो. ह्या मुलाने मात्र कामावर लागताना पाच ठिकाणी सह्या केलेल्या असतात आणि त्या कशावर केल्या हे विचारले तर तो खाली पाहतो. तेव्हा कागद आहे म्हणजे करार कळला, असे समजण्याचे कारण नाही.

आज आम्हांला बोलायचे आहे ते ह्या करारावर. त्यातून कामगाराला कोणते हक्क मिळतात, कोणती कर्तव्ये त्याच्या अंगावर येतात, आणि उद्या तंटा झाला तर कोणी काय सिद्ध करायचे. शेवटचा भाग ऐकायला रुक्ष आहे. परंतु संघटनेच्या कामात आमची जी वर्षे गेली त्यांत माणसे हरली ती बहुधा तेथेच हरली.

प्रथम मूळ गोष्ट. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारालाही करारच मानतो. दोन्ही पक्ष सज्ञान असावेत, संमती राजीखुशीची असावी, मोबदला ठरलेला असावा आणि ठरवलेली गोष्ट कायद्याविरुद्ध नसावी, एवढे पुरते. म्हणजे आखाजीची बोली कायद्याच्या नजरेत कच्ची नाही. कच्चा असतो तो तिचा पुरावा. शिवाय लेखी करारात लिहिले म्हणून वाटेल ते चालते असेही नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर मी राजी आहे असे एखाद्याने सही करून दिले तरी त्या ओळीला किंमत नाही. नोकरी सोडल्यावर ह्या धंद्यात कोठेही काम करणार नाही, असे लिहून घेण्याची चाल अलीकडे लहान कारखान्यांतही आली आहे. नोकरी संपल्यानंतरचे असे बंधन १८७२ च्या त्याच कायद्याने निरर्थक ठरवले आहे. कामगार मात्र त्या ओळीला घाबरून वर्षानुवर्षे बसून राहतो.

राजीखुशी हा शब्द कायद्यात सोपा आहे, व्यवहारात अवघड. मुलीचे लग्न तोंडावर आलेला माणूस उचल घेतो तेव्हा त्याची खुशी किती आणि नड किती, हे कोणी मोजावे? ह्या उचलीचा इतिहास सर्वांनी ध्यानात ठेवावा असा आहे. १८५९ मध्ये इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला किंवा मजुराला न्यायाधीशापुढे उभे करता येई. पैसे परत कर किंवा काम पुरे कर असा हुकूम होई. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. करार मालकाने मोडला तर कैद नाही. एकाच कराराच्या दोन सह्या, पण तुरुंगाचे दार एकाच सहीसाठी उघडे! तो कायदा १९२५ मध्ये रद्द झाला, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची पद्धतच बेकायदेशीर ठरली. आजची स्थिती अशी की उचल फिटायची राहिली म्हणून सालदाराला, ऊसतोडणीच्या जोडप्याला किंवा वीटभट्टीवरच्या कुटुंबाला अडवून ठेवता येत नाही. त्यांची गाडी, भांडी वा कागदपत्रे ठेवून घेता येत नाहीत. ती फार तर दिवाणी बाब आहे, आणि उचल जर वेठीचीच असेल तर तीही नाही. हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो, कारण समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची शेती आहे आणि ते स्वतः साल ठरवतात.

आता गावातून गिरणीकडे येऊ. जळगाव, अमळनेर, चाळीसगाव, धुळे ही आपली गिरण्यांची गावे. कापूस येथलाच, आणि माणसेही बहुतेक येथल्याच खेड्यांतून आलेली. अमळनेरला १९२४ पासून सहा वर्षे शिक्षक असलेले साने गुरुजी पुढे ह्याच गिरणी कामगारांत वावरले. खेड्यातून आलेल्या माणसाला गिरणीत पहिला धक्का बसला तो हा की येथे बोली नाही. नाव मस्टरवर चढले की सर्व अटी आधीच ठरलेल्या. त्या अटी कोणी ठरवल्या? सुरुवातीला मालकाने आणि त्याच्या जॉबरने, मनास येईल तशा. जॉबर सकाळी दारात उभा राही आणि आज कोणी आत यायचे ते बोटाने दाखवी.

ही मनमानी बांधून टाकण्यासाठी स्थायी आदेश आले. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्यापासून त्यांची सुरुवात झाली. नंतर १९४६ मध्ये केंद्राचा वेगळा कायदा झाला आणि मुंबई प्रांताचा औद्योगिक संबंध कायदाही झाला. स्थायी आदेश म्हणजे काय? कारखान्यातील नोकरीच्या सर्वसाधारण अटींची लेखी यादी, जी सरकारी अधिकाऱ्याने तपासून मंजूर केली आहे आणि जी मालकाला एकट्याला बदलता येत नाही. कायम कोण, उमेदवार कोण, बदली कोण, हंगामी कोण; उशीर झाला तर काय; रजा कशी मागायची; गैरवर्तन कशाला म्हणायचे; आणि शिक्षा करण्यापूर्वी आरोपपत्र देऊन, म्हणणे ऐकून घेऊन चौकशी कशी करायची, हे सर्व त्यांत येते. ते बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत दाराजवळ लावायचे असतात. आमच्या मते बोनसापेक्षाही ही मोठी मिळकत होती. बोनस वर्षातून एकदा येतो. आरोपपत्राशिवाय बाहेर काढता येणार नाही हा दिलासा रोज सकाळी भोंग्याबरोबर येतो.

तरी बोनसाच्याच एका तंट्याने जळगावचे नाव देशभरच्या कामगार न्यायालयांत नेले. ही हकीकत जळगावातही फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जळगावच्या खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्सचा आणि तेथल्या राष्ट्रीय गिरणी कामगार संघाचा बोनसाबद्दल वाद होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६० मध्ये त्याचा निकाल लागला. त्या काळी बोनसाचा वेगळा कायदा नव्हता. १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने एक हिशेब घालून दिला होता, त्याप्रमाणे बोनस निघे. नफ्यातून आधी घसारा वजा करायचा, कर वजा करायचा, भांडवलावरचे व्याज वजा करायचे, गंगाजळीतून जो पैसा चालू धंद्यात वापरला असेल त्यावरही व्याज धरायचे, आणि जुनी यंत्रे बदलण्यासाठी एक रक्कम बाजूला काढायची. इतके करून शिल्लक राहील तर तिच्यात कामगारांचा वाटा. घरातल्या माणसांना हे चटकन कळेल. पगार आल्यावर वाणी, दूध, शाळेची फी, हप्ता असे सगळे वजा करून उरले तर मुलांना खाऊ. आता वजाबाकीचे आकडे जो सांगतो त्याच्याच हाती खाऊ आहे, हे उघड आहे.

गिरण्या म्हणत, आमचा ताळेबंद पाहा, त्यात आकडे दिलेले आहेत. कामगार म्हणत, ताळेबंद तुमच्या माणसांनी लिहिला, आम्ही तो लिहिताना तेथे नव्हतो. सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रकरणात जे तत्त्व सांगितले ते असे : हिशेब कंपनीचे अधिकारी तयार करतात, कामगारांचा त्यात हात नसतो, यंत्रे बदलण्याची रक्कम ही वजाबाकीतली मोठी रक्कम, ती फुगवण्याकडे मालकाचा कल असणार आणि घटवण्याकडे कामगारांचा, म्हणून औद्योगिक न्यायालयाने स्वच्छ पुरावा मागितला पाहिजे आणि त्या आकड्यांची छाननी करण्याची खरीखुरी संधी कामगारांना दिली पाहिजे. नुसता ताळेबंद पुढे करून गंगाजळी कोठे वापरली हे सिद्ध होत नाही. सोप्या मराठीत सांगायचे तर, ज्याने वही लिहिली त्यानेच ती खरी आहे हे दाखवावे, आणि ज्याने लिहिली नाही त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

पुढे १९६५ चा बोनस कायदा आला आणि ह्या तत्त्वाची धार थोडी बोथट झाली. कंपनीचे तपासलेले हिशेब खरे धरून चालावे, असे त्या कायद्यात घातले गेले. संघटनेला एखाद्या रकमेचा खुलासा हवा असेल तर तिने न्यायाधिकरणाकडे तशी मागणी करावी, एवढी वाट ठेवली. त्या बदल्यात किमान बोनस पक्का झाला. हा सौदा चांगला की वाईट ह्यावर आमच्या कार्यालयात एकेकाळी रात्र रात्र वाद होत. आमचे मत विचाराल तर, ठरलेला बोनस हाती आला आणि प्रश्न विचारायची सवय गेली. खानदेश मिल बंद पडूनही आता दशके लोटली. त्या जागेवर आज खानदेश सेंट्रल उभे आहे. खरेदीला जाणाऱ्या कोणाला तेथे त्या निकालाची आठवण होत असेल असे वाटत नाही.

गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी आल्या दालमिल, चटई व पाइपांचे कारखाने, तेलाच्या गिरण्या, जिनिंग, यंत्रमाग, केळीच्या गाड्या भरणे आणि दुकानांतली नोकरी. काम आहे, पण पाच हजार माणसे एका भोंग्यावर हालत तो काळ नाही. पंधरा माणसे येथे, चाळीस तेथे, त्यांतली निम्मी मुकादमाची. येथे मस्टर हाच खरा करार होऊन बसला आहे, आणि मस्टर कामगाराच्या हातात कधीच नसते.

येथे आमच्या एका चुकीची हकीकत सांगणे भाग आहे. आम्ही संघटनेत नवे होतो. एका दालमिलमध्ये पोती वाहणारा एक माणूस नऊ वर्षे काम करून होता. दिवाळीनंतर त्याला सांगितले, उद्यापासून येऊ नको. नोटीस नाही, हिशेब नाही. आम्ही मोठ्या आवेशाने दावा दाखल केला. सत्य आमच्या बाजूला होते, मग चिंता कसली! मालकाने सांगितले, हा माणूस आमचा नाही, कधीमधी मुकादमाबरोबर येत असे. आणि एक मस्टर दाखवले, त्यात त्याचे नाव नव्हते. आमचे दोन साक्षीदार त्याच मिलमध्ये नोकरीला होते. एक तारखेला आलाच नाही. दुसरा आला आणि म्हणाला, नीट आठवत नाही. त्याला आम्ही दोष दिला नाही. त्याच्या घरी पाच तोंडे होती. दावा गेला. जो माणूस हरला तो बाहेर येऊन आम्हांलाच म्हणाला, "जाऊ द्या साहेब, तुम्ही काय कराल?" ह्या वाक्याने आम्हांला जितके झोंबले तितके मालकाच्या वकिलाच्या कोणत्याही वाक्याने झोंबले नाही. कारण आम्ही करण्यासारखे होते. पगारवाटपाचे रजिस्टर, आवक-जावक वही, मागील वर्षांची सर्व मस्टरे न्यायालयात हजर करावीत असा अर्ज आम्ही वेळेवर द्यायला हवा होता. आम्ही तो दिलाच नाही. आम्हांला ते ठाऊक नव्हते.

पुढे वाचता वाचता कळले. वर्षात २४० दिवस काम केले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर आहे, नुसते त्याचे शपथपत्र पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट सांगितले. पण २००५ मधील दुसऱ्या एका निकालात त्याच न्यायालयाने हेही समजावले की, रोजंदारीच्या माणसापाशी नेमणूकपत्र किंवा पगारपावती बहुधा नसतेच. तेव्हा त्याने साक्षीला उभे राहून मालकाची मस्टरे व रजिस्टरे मागवावीत, आणि मालकाने ती दडवली तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे न्यायालय प्रकरण पाहून ठरवील. म्हणजे मागणी करणे हे कामगाराचे काम. ज्याने मागितलेच नाही त्याला कोणी आपण होऊन देत नाही.

येथे एक गैरसमज दूर करतो. २४० दिवस भरले की माणूस आपोआप कायम झाला, असे चहाच्या टपरीवर सर्रास सांगितले जाते. २४० दिवसांचा मुख्य लाभ असा की त्यानंतर कामगाराला कमी करायचे असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. कायमपणाचा प्रश्न वेगळा. तो त्या कारखान्याला कोणते स्थायी आदेश लागू आहेत ह्यावर अवलंबून असतो.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक सभेत एकच गोष्ट सांगू लागलो : मुलाच्या शाळेची एक जुनी वही घ्या आणि रोज एक ओळ लिहा. तारीख, पाळी, काम कोणते केले, कोणी सांगितले, पैसे मिळाले तर किती. पुष्कळांनी हसून सोडून दिले. चटईच्या कारखान्यातील एका पोराने मात्र चार वर्षे वही चालवली. त्याचा ओव्हरटाइमचा तंटा उभा राहिला तेव्हा वहीतल्या रात्रपाळ्या आणि कारखान्याच्या वीज बंद असण्याच्या तारखा इतक्या जुळल्या की मालकाच्या हिशेबनिसाने स्वतःच बोलणी सुरू केली. न्यायालयात जावेच लागले नाही.

आता नव्या कायद्यांकडे येऊ. २९ जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या गेल्या. वेतनाची २०१९ मध्ये आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व कामाच्या ठिकाणची सुरक्षितता ह्यांच्या २०२० मध्ये मंजूर झाल्या. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. त्यांत आम्हांला पटणारे आहे आणि न पटणारेही आहे. न पटणारे आधी सांगून टाकतो. स्थायी आदेश आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच बंधनकारक आहेत. पूर्वी केंद्राच्या कायद्यात हा आकडा १०० होता. जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत ३०० चा आकडा गाठणारे कारखाने किती, हे आपणच मोजावे. म्हणजे आजोबांच्या पिढीने मिळवलेली ती दाराजवळची यादी नातवाच्या बहुतेक कारखान्यांच्या दारावर असणार नाही.

ह्यामुळेच दुसऱ्या तरतुदीचे महत्त्व एकदम वाढते. साधारणतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालकाने प्रत्येक नोकराला नेमणूकपत्र दिले पाहिजे, असे नवी संहिता म्हणते. आणि जे आधीपासून नोकरीत आहेत पण ज्यांना पत्र मिळालेले नाही, त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते द्यावे, असेही म्हणते. स्थायी आदेश नाहीत तेथे हे एक पानच कामगाराचे सर्व काही आहे. तेव्हा ते नीट वाचावे. आमच्या ओळखीचे एक जुने गिरणी कामगार तरुणांना सांगत असत, "भाऊ, कागद वाचीसन सही करजो." सही करण्यापूर्वी आपले नाव, हुद्दा आणि कुशल, अर्धकुशल की अकुशल हा वर्ग पाहावा, वर्ग एक पायरी खाली लिहिला की किमान वेतन खाली येते. मालक म्हणून कोणाचे नाव आहे, कारखान्याचे की ठेकेदाराचे, ते पाहावे. नोकरी मुदतीची असेल तर मुदत कोणती, ते पाहावे. मुदतीच्या नोकरीलाही आता एका वर्षानंतर उपदान, ज्याला सर्व जण ग्रॅच्युइटी म्हणतात, लागू होते. इतरांना पाच वर्षे लागतात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. हे सांगायला सोपे आहे. दारात दुसरा माणूस उभा असताना नाही म्हणणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. तेव्हा निदान कोणत्या तारखेला कोणापुढे अशी सही करावी लागली, हे त्याच रात्री वहीत लिहावे.

पगाराचे तुकडे कसे पाडले आहेत हेही पाहावे, कारण पुष्कळ पैसा तेथे मुरतो. समजा एका फिटरला महिना ३१,२०० रुपये मिळतात, पण मूळ पगार व महागाई मिळून १३,००० दाखवले आणि १८,२०० भत्ते म्हणून. उपदान निघते पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. १३,००० वर ते वर्षाला ७,५०० होते. नव्या संहितेप्रमाणे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरायचा. येथे निम्मे म्हणजे १५,६००. त्यावर उपदान वर्षाला ९,००० होते. नऊ वर्षांच्या नोकरीला ६७,५०० ऐवजी ८१,०००. फरक साडेतेरा हजारांचा. भविष्यनिधीची कपात वाढून हातात पडणारी रक्कम थोडी घटू शकते, हेही लपवू नये.

आणि ज्यासाठी आम्ही १९६० चा निकाल इतक्या लांबणीने सांगितला ती गोष्ट. पगार किंवा बोनस दिला नाही अथवा कमी दिला, असा दावा झाला तर तो दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, असे वेतन संहितेत आता स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पगारपत्रक देणे बंधनकारक आहे. नोकरी संपली की दोन कामाच्या दिवसांत पुरा हिशेब द्यायचा आहे. बोनसाच्या तंट्यात जळगावच्या गिरणीला जे सांगितले गेले, ते पगाराच्या बाबतीत आता दहा माणसांच्या शेडलाही लागू झाले. पण ध्यानात ठेवा, हा भार दिलेल्या पैशांपुरता आहे. मी येथे नोकर होतो, इतके दिवस होतो, हे दाखवणे अजून आपल्याकडेच राहते. वही ठेवायची ती त्यासाठी.

कर्तव्यांविषयी आमच्या मंडळींना ऐकायला आवडत नाही, आणि मालक मंडळींना तेवढेच ऐकायला आवडते. करारात दोन बाजू आहेत एवढे दोघांनीही मान्य करावे. वेळेवर येणे, सांगितलेले योग्य काम मन लावून करणे, यंत्र व माल सांभाळणे, धोका दिसला तर वर कळवणे, स्वतःच्या व शेजारच्याच्या जिवाची काळजी घेणे, नोकरी सोडताना नोटीस देणे. सुरक्षिततेची कर्तव्ये तर कायद्यानेच कामगारावर घातली आहेत. धुळ्याकडच्या एका सूतगिरणीत एकदा पर्यवेक्षकाने एका बाईला अभद्र शब्द वापरला. सर्व पाळी यंत्रे चालू सोडून बाहेर आली. आम्ही दारात टाळ्या वाजवल्या. नंतर अकरा जणांना आरोपपत्रे मिळाली. आरोप होता यंत्रे चालू ठेवून जाण्याचा, आणि तो खराच होता. चौकशीत त्या शब्दाबद्दल कोणी विचारलेही नाही. पाच मिनिटे घेऊन यंत्रे बंद केली असती, दोन ओळींची तक्रार लिहून पोच घेतली असती, तर आरोपपत्र पर्यवेक्षकाला गेले असते. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही पहिले होतो.

संपाबद्दल नवा कायदा आणखी कडक आहे. चौदा दिवस आधी नोटीस दिल्याशिवाय कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संप कायदेशीर होत नाही. पूर्वी नोटिशीचे असे बंधन केंद्राच्या कायद्यात सार्वजनिक सेवांपुरते होते. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. आम्हांला हे अन्यायाचे वाटते आणि त्याविरुद्ध आम्ही बोलत राहू. परंतु ते बदलेपर्यंत जो कार्यकर्ता कामगारांना हे न सांगता बाहेर काढील तो त्यांचा पगार आणि नोकरी पणाला लावील.

घरकामाच्या बायका, दोन-तीन माणसांच्या दुकानांतील नोकर ह्यांना नेमणूकपत्राची ही तरतूद पोचत नाही. येथे बसलेल्या अनेकांच्या घरी धुणेभांडी करणारी बाई येते. तिचा पगार किती, सुट्ट्या किती, दिवाळीला काय, हे एका कागदावर लिहून एक प्रत तिला द्यायला कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. तिला वाचता येत नसेल तर तिची मुलगी वाचील.

गेल्या काही महिन्यांत तरुण मुले नेमणूकपत्रे घेऊन आमच्या कार्यालयात येऊ लागली आहेत. त्यांतला एक पाइपांच्या कारखान्यातला. पत्र व्यवस्थित छापलेले, पगार ठीक, वर्ग ठीक. नेमणुकीची तारीख मात्र ह्या वर्षाची. तो तेथे पाच वर्षांपासून आहे. त्याला वाटले होते, कागद मिळाला, आता काही काळजी नाही. आम्ही तारखेवर बोट ठेवले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मागची वर्षे गेली?" आम्ही विचारले, वही आहे का? पहिल्या दोन वर्षांची नव्हती. नंतरच्या तीन वर्षांची होती, आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी होत्या. तारीख दुरुस्त करून मिळावी असा अर्ज त्याने मागच्या आठवड्यात दिला आहे. कारखान्याच्या कचेरीने तो घेतला, पण पोच द्यायला नकार दिला. म्हणून दुसरी प्रत त्याच दिवशी पोस्टाने रजिस्टर करून पाठवली. पोस्टाची पावती वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवली आहे.